लॉट लहान, आकडा कितीही मोठा

संपादक महोदय,

थोड्या थोड्या संख्येने वस्तू बनवणाऱ्यांविषयी आपल्या रविवार पुरवणीत लेख आला होता. लेख वाचनीय आहे आणि त्यातल्या माणसांविषयी लेखकाला आपुलकी आहे हेही दिसतं. पण सगळा लेख एका समजुतीवर उभा आहे. लहान खेपेत माल काढणं ही हौस. हाताच्या कामाची नजाकत जपायची असेल आणि परवडत असेल त्याने ती करावी. ज्याला भरपूर आणि स्वस्त हवं आहे त्याने मात्र एकदा मशीन सुरू केलं की ढीग पडेपर्यंत थांबू नये. ही समजूत चुकीची आहे, आणि ती एकट्या लेखकाची नाही. मी ज्या कारखान्यात नोकरी केली तिथे साहेबांपासून हेल्परपर्यंत बहुतेकांची तीच होती.

मी इन्स्पेक्शनला होते. माल म्हणजे पत्र्याचे सुटे भाग: ब्रॅकेट, क्लिपा, झाकणं. दिवसभर प्रेसचे ठोके, डायला (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याला) लावलेल्या तेलाचा वास आणि माल ठेवायच्या निळ्या बिनच्या रांगा. नजाकत औषधालाही नव्हती. एकसारखे एक नग, ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मापात, एवढंच मागणं. तेव्हा मी लहान लॉटची, म्हणजे लहान खेपेची, बाजू घेते ती कलाकुसरीच्या प्रेमापोटी घेत नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. एकूण संख्या मोठी असणं आणि एका वेळी काढलेला लॉट मोठा असणं या दोन गोष्टी आपण सर्रास एक समजतो. मोठ्या उत्पादनाचा दाखला म्हणून सगळे फोर्डकडे बोट दाखवतात. हायलँड पार्कच्या कारखान्यात १९१३ साली चासीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याची, सरकती असेंब्ली लाइन सुरू झाली. एक चासी जोडायला आधी साडेबारा तास लागत, ते पुढच्या वर्षापर्यंत दीड तासाच्या आसपास आले. पण त्या लाइनवर काय चालायचं ते नीट पाहा. एक चासी पुढे यायची, तिला तिथला भाग लागायचा, ती सरकायची, मग दुसरी. शंभर चासींना आधी अॅक्सल लावून ठेवा, मग शंभरांना इंजिन, असा प्रकार तिथे नव्हता. गाड्या लाखांनी निघत होत्या आणि एका माणसाच्या हातात एका वेळी एकच गाडी होती. तो कारखाना ढीग लावून स्वस्त झाला नाही, ढीग मोडून झाला.

फोर्डचं घोडं अडलं ते दुसऱ्या ठिकाणी. मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी चालली, दीड कोटी गाड्या निघाल्या, आणि यंत्रं त्या एका गाडीसाठीच बांधलेली होती. मॉडेल ए काढायची वेळ आली तेव्हा उत्पादन काही महिने बंद ठेवावं लागलं. आकड्याचा त्यात दोष नव्हता. बदल करायचा तर काय करायचं, याचा विचार यंत्रं बसवताना कुणी केला नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण लहान लॉटचं सगळं भांडण शेवटी बदल किती झटपट करता येतो याच प्रश्नापाशी येऊन थांबतं.

आता थोडा हिशेब. तीन टेबलांवरचं काम घ्या, प्रत्येक टेबलावर नगामागे एक मिनिट. दहाचा लॉट केला आणि पूर्ण लॉट झाल्याशिवाय पुढे द्यायचा नाही असं ठरवलं, तर पहिल्या टेबलावर दहा मिनिटं, दुसऱ्यावर दहा, तिसऱ्यावर दहा. पहिला तयार नग हातात येतो एकविसाव्या मिनिटाला, दहावा तिसाव्या. तेच एकेक नग झाला की पुढे सरकवला तर पहिला नग तिसऱ्या मिनिटाला आणि दहावा बाराव्या मिनिटाला. माणसं तीच, हात तेवढ्याच वेगाने चालतात, कोणी जास्त राबलेलं नाही.

आणि हे रोज सतत चालू राहिलं तर? लॉटच्या पद्धतीत तिन्ही टेबलांवर मिळून तीस नग पडलेले असतात, बाहेर पडतो मिनिटाला एक. म्हणजे प्रत्येक नग आत तीस मिनिटं राहतो. एकेक नग दिला तर आत फक्त तीन नग, आणि प्रत्येकाला तीन मिनिटं. बाहेर पडण्याचा वेग दोन्हीकडे सारखाच. या नात्याची गणिती सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ साली दिली: आत सरासरी किती माल आहे त्याला बाहेर पडण्याच्या वेगाने भागलं की एक नग आत सरासरी किती काळ अडकतो ते मिळतं. हा नियम रांगेत उभ्या माणसांनाही लागू पडतो आणि बिनमधल्या ब्रॅकेटनाही. "मालाला उशीर का होतोय" अशी ओरड झाली की आमच्याकडे ओव्हरटाइम लावायचे. उशीर होत होता तो बिनमध्ये पडून राहण्यामुळे. कामाला लागणारा वेळ मोजला तर तो त्यात किरकोळ निघायचा.

पण वेळ वाचतो हा लहान लॉटचा मोठा फायदा आहे असं मला वाटत नाही. मोठा फायदा असा की वाईट बातमी लवकर कळते. या एका गोष्टीसाठी मी हे लांबलचक पत्र लिहिते आहे, म्हणून इथे जरा थांबते.

आमच्याकडे एका ब्रॅकेटला दोन होल होती. पट्टी कापणं, होल पाडणं, वाकवणं, मग पलीकडच्या शेडमध्ये वेल्डिंग, असा क्रम. प्रेस शॉपने सवयीप्रमाणे भला मोठा लॉट काढला. सुरुवातीचा नग आमच्या विभागाने तपासून 'फर्स्ट पीस ओके'चा शिक्का मारला होता आणि तो खरोखरच ठीक होता. मधल्या फेऱ्यांत होलचा व्यास गो–नो गो गेजने, म्हणजे होल मापात आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या हत्याराने, पाहिला जायचा, तोही ठीक. त्या वेळी वेल्डिंगला दुसराच माल चालू होता, त्यामुळे ब्रॅकेट बिनमध्ये पडून राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा फिक्स्चरची (नग जागेवर पकडून ठेवणाऱ्या चौकटीची) पिन होलमध्ये जाईना. व्यास बरोबर, पण होल जागेवरून मिलिमीटरहून कमीच सरकलेलं. गेजने ते दिसत नाही; त्यासाठी नग फिक्स्चरवर किंवा सरफेस प्लेटवर (मापं घ्यायच्या सपाट पाटावर) घ्यावा लागतो.

भंगार किती निघालं हा प्रश्न नंतरचा. त्या दिवशी कुणालाच सांगता येत नव्हतं ते हे, की होल सरकायला सुरुवात कधी झाली. तोवर डाय उतरून टूलरूममध्ये गेली होती, तिथे तिला धार लावली होती, लोकेटर (पट्टी डायमध्ये जागेवर बसवणारा आधार) घट्ट करून ती रॅकवर परतही गेली होती. पत्र्याची कॉइल मध्येच बदलली होती. जुन्या कॉइलचा टॅग कचऱ्यात गेलेला. त्या पाळीचा ऑपरेटर रजेवर. बिन एकावर एक रचताना उलटसुलट झाल्या होत्या, त्यामुळे कोणता नग आधीचा आणि कोणता नंतरचा हेही कळायला मार्ग नव्हता. लोकेटर सैल होता, की पट्टी वाकडी येत होती, की बसवतानाच कोणी घाई केली, यावर मीटिंगमध्ये तावातावाने बोलणं झालं. प्रत्येकाकडे तर्क होता, पुरावा कुणाकडेच नव्हता. डाय टूलरूममध्ये गेली तेव्हाच तो पुरावा पुसला गेला होता.

मग सगळा माल 'होल्ड'वर. लाल टॅग. प्रत्येक नग फिक्स्चरवर ठेवून बघायचा. हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना वाटतं, त्यात काय, शंभर टक्के तपासणी केली की शंभर टक्के खात्री. तसं होत नाही. सारखे दिसणारे नग तासन् तास हाताळल्यावर डोळा आणि बोट दोन्ही बधिर होतात. चांगले नग रिजेक्टच्या पेटीत जातात, वाईट चांगल्यात. निवडून दिलेल्या मालातूनही पुन्हा वेल्डिंगवाल्याची हाक येते, आणि यायचीच.

हाच लॉट लहान असता तर काय झालं असतं? होल सरकलंच असतं; लहान लॉट म्हणजे काही लोकेटर घट्ट करायचा मंत्र नव्हे. पण ब्रॅकेट थोड्याच वेळात वेल्डिंगला पोचले असते, डाय अजून प्रेसवर असती, ऑपरेटर तिथेच उभा असता, चालू कॉइलचा टॅग कॉइललाच असता. जाऊन लोकेटरला हात लावून पाहिला असता की संपलं. दोष सापडायला जितका उशीर, तितकं त्याचं कारण सापडणं अवघड, आणि कारण सापडलं नाही की तोच दोष पुढच्या खेपेला पुन्हा हजर. मोठ्या लॉटमध्ये नुसता मालच फुकट जात नाही, त्या चुकीपासून शिकण्याची संधीही जाते. भंगाराच्या वजनात हा तोटा दिसत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

प्रेस शॉपमध्ये एक चांगली रीत असते. लॉट संपला की शेवटचा नग डायबरोबर बांधून ठेवतात. पहिला आणि शेवटचा, दोन्ही मापात असतील तर मधला माल बहुधा ठीक आहे असं धरून चालता येतं. पहिला बरोबर आणि शेवटचा चुकीचा असेल तर चूक मधे कुठेतरी सुरू झाली. या 'मधे कुठेतरी'ची लांबी म्हणजेच तुमचा लॉट. ती किती ठेवायची हे दोष निघाल्यावर नाही, प्रेस सुरू करण्याआधी ठरवायचं असतं.

औषधांच्या पाकिटावर बॅच नंबर छापलेला असतो तोही याचसाठी. संशयाला कुठेतरी कुंपण लागतं. अमेरिकेत १९८२ साली शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूल घेतल्याने सात माणसं दगावली. कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलेलं होतं. तपासात दिसलं की विषारी बाटल्या वेगवेगळ्या लॉटमधल्या, एवढंच नव्हे तर वेगवेगळ्या कारखान्यांतल्या होत्या आणि मृत्यू मात्र एकाच परिसरात झाले होते. त्यावरून विष कारखान्यात मिसळलं गेलं नसून बाटल्या दुकानांत पोचल्यावर मिसळलं गेलं, हे कळलं. कंपनीने तरीही सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, कारण लोकांचा विश्वास लॉट नंबर पाहून ठरत नाही. पण दोष कुठे नाही हे लॉटच्या नोंदींमुळेच सांगता आलं. लॉट जितका लहान आणि त्याची नोंद जितकी चोख, तितकं असं उत्तर नेमकं मिळतं.

माझी मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्याकडे पूर्वी वर्षभराचे बदल एकदम बाहेर सोडायचे आणि मग काय बिघडलं ते शोधत रात्री काढायच्या. आता रोज थोडे थोडे बदल सोडतात. काही बिघडलं की कालचं काय ते पाहायचं, आणि ते मागे घ्यायचं. मी तिला म्हटलं, तुमच्याकडे बिनसुद्धा नाहीत, तरी तुम्ही बिन भरत होतात.

मग सगळे शहाणे लोक मोठे लॉट का काढतात? कारण प्रत्येक वेळी डाय बदलायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ प्रेस उभी राहते. एवढा वेळ घालवून डाय चढवली आहे तर भरपूर माल काढून घेऊ, हा विचार मूर्खपणाचा नाही. त्याचं गणितही आहे. फोर्डची लाइन सुरू झाली त्याच १९१३ साली फोर्ड हॅरिस नावाच्या इंजिनिअरने एक सूत्र मांडलं (गाडीवाल्या फोर्डशी या फोर्डचा संबंध नाही). सेटिंगचा, म्हणजे डाय बदलून मशीन तयार करण्याचा, खर्च एका पारड्यात, माल सांभाळण्याचा खर्च दुसऱ्यात. दोन्हींची बेरीज कमीत कमी होईल तो किफायतशीर लॉट. उत्तरात वर्गमूळ येतं. आजही प्लॅनिंगच्या अभ्यासक्रमात हे सूत्र पहिल्या धड्यातच भेटतं.

सूत्र बरोबर आहे. ते वापरणारे त्यातली एक गोष्ट विसरतात, की सेटिंगचा खर्च ही आकाशातून पडलेली संख्या नव्हे. वर्गमूळामुळे सेटिंगचा खर्च पाव झाला की किफायतशीर लॉट निम्मा होतो, शंभरावा हिस्सा झाला की दहावा हिस्सा. आणि दुसरी एक मौज त्याच सूत्रात दडलेली आहे. सेटिंगमध्ये काहीही सुधारणा न करता लॉट सूत्राच्या निम्मा केला, तर या दोन खर्चांची बेरीज दुप्पट होत नाही, सव्वापट होते. त्या वाढीव पाव हिश्श्याच्या बदल्यात दोष लवकर सापडणं, जागा मोकळी होणं, माल लवकर पोचणं हे सगळं मिळतं, आणि यातलं काहीच त्या सूत्रात मोजलेलं नाही. प्लॅनिंगच्या साहेबांना मी हे कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

सेटिंगचा वेळ कमी करता येतो हे सगळ्यात ठसठशीतपणे दाखवलं ते जपानच्या शिगेओ शिंगो यांनी. १९५० साली हिरोशिमातल्या तोयो कोग्यो, म्हणजे आजच्या माझदाच्या, कारखान्यात ते ८०० टनी प्रेसवर डाय बदलताना पाहत उभे होते. एक बोल्ट सापडेना. कामगार इकडेतिकडे धावून आला आणि शेवटी शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट कापून, त्याला आटे पाडून घेऊन आला. तेवढा सगळा वेळ प्रेस बंद. शिंगो यांच्या ध्यानात आलं की सेटिंगची कामं दोन जातींची असतात: मशीन थांबवल्याशिवाय होणारच नाहीत अशी, आणि मशीन चालू असतानाच आधी उरकून ठेवता येतील अशी. बोल्ट शोधणं दुसऱ्या जातीचं. पुढे १९६९ साली टोयोटात हजार टनी प्रेसच्या सेटिंगला चार तास लागत होते आणि जर्मनीत फोक्सवागेनमध्ये तशाच प्रेसला दोन तास पुरत. सहा महिने खटपट करून टोयोटात ते काम दीड तासावर आणलं. त्यावर व्यवस्थापनाने सांगितलं, आता तीन मिनिटं करा. शिंगो यांनी आणखी तीन महिन्यांत ते करून दाखवलं. चार तासांचे तीन मिनिटं म्हणजे ऐंशीवा हिस्सा. खर्च वेळेच्या प्रमाणात धरला तर हॅरिस यांच्याच सूत्राने लॉट नवव्या हिश्श्यावर येतो. जुनं सूत्र फेकून द्यायची गरज पडत नाही.

आमच्या शॉपमध्ये कुणी शिंगो नव्हते. एक वयस्क सेटर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांना जपान वगैरे काही ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या डायची ट्रॉली आधीची पाळी संपायच्या आतच प्रेसपाशी लागलेली असायची: क्लॅम्प, योग्य लांबीचे बोल्ट, पाना, शिम (फट भरायच्या पातळ पट्ट्या), आणि मागच्या वेळचा शेवटचा नग. निरनिराळ्या उंचीच्या डाय एकाच उंचीवर बसाव्यात म्हणून त्यांनी टूलरूमकडून खाली लावायच्या पट्ट्या करून घेतल्या होत्या, त्यामुळे दर वेळी रॅम, म्हणजे प्रेसचा ठोका मारणारा भाग, वरखाली करत बसावं लागत नसे. बाकीच्या सेटरांचा अर्धा वेळ पाना आणि फोर्कलिफ्ट शोधण्यात जायचा. मामांच्या प्रेसवर प्लॅनिंगवाले सर्रास लहान लॉट टाकत, कारण तिथे ते परवडत होतं. त्यातून आणखी एक गोष्ट दिसायची. जो क्वचितच डाय बदलतो त्याला दर वेळी ते नव्याने आठवावं लागतं. मामांचे हात रोजच्या सरावाने चालत. बदल वारंवार केला की तो सोपा होत जातो, आणि सोपा झाला की आणखी वारंवार करता येतो. मोठ्या लॉटमध्ये हेच चक्र उलटं फिरतं.

बाकीचे फायदे भराभर सांगते. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदललं की जुन्या मापाचा माल स्टोअरमध्ये पडून गंजतो. लॉट लहान असेल तर तो थोडाच असतो. मागणीचा अंदाज चुकला तरी थोडक्यात निभावतं. टोयोटा १९४९-५० मध्ये जवळजवळ बुडायच्या बेतात आली होती, त्यात न विकल्या गेलेल्या गाड्यांचा मोठा वाटा होता. १९५० साली संप झाला आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांना पद सोडावं लागलं. गरजेपेक्षा जास्त माल काढणं हा सगळ्यात वाईट अपव्यय, असं त्याच कंपनीत वाढलेले ताइइची ओनो सांगत राहिले, त्यामागे हा अनुभव होता. जागेबद्दल तर काय सांगावं? बिन कमी झाल्या की माणसांना चालायला वाट राहते.

संपादक महोदय, तुमच्या छापखान्यातही हेच चालतं. मशीन सुरू झालं की शाई आणि पाणी जुळेपर्यंतच्या प्रती रद्दीत जातात. ते तुमचं सेटिंग. डाक आवृत्तीत राहिलेली चूक शहर आवृत्तीत दुरुस्त होते, कारण तुम्ही सगळ्या प्रती एका दमात काढत नाही. डाक आवृत्तीच्या वाचकांना याचं काय वाटत असेल ते सोडा.

लहान लॉट सगळीकडे चालतो असं मात्र मी म्हणणार नाही. उष्णतेची कामं हट्टी असतात. भट्टी तापवायला जे जळण लागतं ते आत दोन नग असोत की दोनशे, जवळपास तेवढंच. काचेच्या भट्ट्या तर एकदा पेटल्या की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. रंगाचं दुखणं वेगळं: लोकरीच्या गुंड्यांवर रंगाच्या लॉटचा नंबर छापतात, कारण दोन घाण्यांची छटा तंतोतंत जुळत नाही. स्वेटर अर्धा झाल्यावर लोकर संपली आणि दुसऱ्या लॉटची आणली की बाही वेगळी दिसते. तिथे घाणा मोठा असलेलाच बरा. औषधांत प्रत्येक बॅचच्या चाचण्या कराव्याच लागतात, बॅच लहान केली म्हणून चाचणीचं काम कमी होत नाही. या अडचणी खऱ्या आहेत. पण यातही थोडं हलता येतं: लहान भट्टी, झटपट चाचणी. 'आमच्या धंद्यात नाही चालत' असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, तुमच्याकडे भट्टी आहे का? बहुतेकांकडे नसते. त्यांच्याकडे पाना सापडत नसतो.

आणखी एक आक्षेप नेहमी येतो तो १९९७ च्या आगीचा. टोयोटाला ब्रेकचा एक छोटा व्हॉल्व्ह पुरवणाऱ्या आयसिन सेइकीच्या कारिया इथल्या कारखान्याला १ फेब्रुवारीला आग लागली. हा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे साठा काही तासांचाच होता. गाड्यांच्या लाइनी बंद पडल्या. बघा, लहान लॉटने घात केला, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. घात केला तो सगळं एकाच कारखान्यावर सोपवण्याने आणि साठा अगदी तळाला नेण्याने. लॉट किती आणि साठा किती हे वेगवेगळे निर्णय आहेत. मी लहान लॉट काढून चार दिवसांचा तयार, तपासलेला माल बाजूला ठेवू शकते. शिवाय त्या आगीनंतर इतर अनेक पुरवठादारांनी तोच व्हॉल्व्ह आपापल्या मशीनवर काढून दिला आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. ज्यांना मशीन झटपट दुसऱ्या कामावर वळवायची सवय नाही त्यांना हे जमलं असतं का?

आता ज्यामुळे हे सगळं माहीत असूनही कारखान्यांत मोठेच लॉट निघतात त्याबद्दल. आमच्या प्रेस शॉपच्या दारात फळा होता. पाळी संपली की त्यावर प्रत्येक प्रेसने किती ठोके मारले ते लिहायचे. ज्याचे ठोके जास्त त्याचं कौतुक, महिन्याच्या बोनसमध्येही त्याचा हिशेब. डाय बदलली की ठोके कमी होणार, म्हणून कोणताही ऑपरेटर मनापासून डाय बदलत नसे, आणि सुपरवायझर वेल्डिंगला नको असलेला मालही चालू ठेवायला सांगत असे. कोणी कामचुकार नव्हतं. जे फळ्यावर मोजलं जात होतं ते सगळे वाढवत होते. मामांचे ठोके फळ्यावर नेहमी कमी दिसायचे. त्यांच्या बोनसचा विषय निघाला की ते फळ्याकडे पाठ करून चहा प्यायचे.

कारखाना चालवणारे कोणी हे पत्र वाचत असतील तर त्यांना मी शिंगो, हॅरिस, लिटल यांच्यातलं काहीच करायला सांगत नाही. तो फळा तेवढा पुसा. त्यावर ठोक्यांऐवजी दोन आकडे लिहायला लावा: आज डाय बदलायला किती वेळ लागला, आणि प्रेसवरून निघालेला लॉट पुढच्या विभागाने किती वेळाने हातात घेतला. बोनस या दोन आकड्यांवर द्या, आणि इन्स्पेक्शनवाल्यांनाही त्यात धरा, कारण पहिला नग तपासायला आम्ही लावलेला वेळही त्याच सेटिंगमध्ये मोजला गेला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त इन्स्पेक्टर